राळेचें विमान

मारुत नांवाचें एक लढाऊ जेट विमान आपल्या देशांत आंखलें गेलें, बांधलें गेलें आणि युद्धांतहि उतरलें, ही गोष्ट आज चाळिशीच्या आंतल्या किती माणसांना ठाऊक असेल याविषयीं मला शंका आहे. ज्या वडीलधाऱ्यांनीं १९७१ सालच्या युद्धाच्या बातम्या रेडिओला कान लावून ऐकल्या त्यांना कदाचित् नांव आठवेल. बाकीच्यांना या नांवानें मोटारगाडीच आठवते. आमच्या उमरीस तर माझ्या ओसरीवर पडलेला विमानाचा सांगाडा पाहून शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनें विचारलें, "मास्तर, हे मारुतीरायाचं इमान व्हय?" मारुत म्हणजे वारा आणि मारुतिराय हा त्या वाऱ्याचाच पुत्र, तेव्हां बाईचें अगदींच चुकलें असें म्हणण्याचीहि मला सोय उरली नाहीं.

हें विमान मी गेलीं तीन वर्षें राळेंतून घडवीत आहें. राळ म्हटली कीं आपल्यासमोर धुपांतील राळ उभी राहते, किंवा सोनार पोकळ दागिन्यांत भरतो ती लाख. पहिली झाडांकडून मिळते, दुसरी झाडांवरील किड्यांकडून. ही कारखान्यांतून येते आणि बाजारांत तिला रेझिन म्हणतात. दोन पातळ द्रव ठरल्या प्रमाणांत एकत्र केले कीं ते आपसांत जुळूं लागतात, तापतात, मधासारखे घट्ट होतात आणि शेवटीं दगडासारखे बसतात. त्यांत कांचेच्या तंतूंचें कापड भिजवून थरावर थर दिले म्हणजे तयार होतें तें फायबर. तुमच्या गच्चीवरील पाण्याची टांकी, उद्यानांतील घसरगुंडी आणि अलीकडे देखाव्यांतील मोठमोठ्या मूर्ती त्याच्याच असतात. सुतार लांकूड कोरून काढतो, लोहार लोखंड ठोकून वांकवतो. राळेला मात्र स्वतःचा आकारच नाहीं. तुम्ही जो सांचा द्याल तो ती निमूटपणें घेते, आणि त्या सांच्यावर तुमच्या नखाचा ओरखडा राहिला असेल तर तोहि घेते.

प्रमाण मीं सोळावा हिस्सा धरलें. रुपयाला जसा आणा, तसें मूळ विमानाला माझें विमान. मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर आणि उंची ३.६० मीटर, म्हणजे माझें विमान ९९ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक लांब, ५६ सेंटिमीटरांहून किंचित् अधिक रुंद आणि साडेबावीस सेंटिमीटर उंच. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण लांबीचा आणा केला म्हणून पृष्ठभागाचा आणा होत नाहीं. तो २५६ वा हिस्सा होतो, आणि घनफळ तर ४,०९६ वा हिस्सा. रिकाम्या मारुतचें वजन सुमारें ६,२०० किलो. त्या हिशेबानें माझें विमान दीड किलोचें भरावयास हवें. कवचाची जाडी मीं दोन मिलिमीटर ठेवली आहे. मूळ विमानाच्या मापांत ती ३२ मिलिमीटर, म्हणजे चांगली सव्वा इंच होईल. इतक्या जाड कातडीचें विमान धांवपट्टी सोडणार नाहीं. लहान प्रतिकृति करणारानें हा दोष मान्य करूनच कामाला बसावें लागतें. बाहेरील आकार खरा ठेवावयाचा तर अंगाची जाडी खोटी होते.

मग मारुतच कां? बाजारांत जेट विमानांच्या प्रतिकृतींचे तयार भाग पेटींतून मिळतात. अमेरिकन, रशियन, ब्रिटिश अशीं वाटेल तीं विमानें प्लास्टिकच्या सुट्या भागांत बांधून येतात आणि आठवडाभरांत उभीं राहतात. आपल्या मारुतच्या मोठ्या प्रतिकृतीची तशी पेटी मला कोठल्याहि दुकानांत आढळली नाहीं. ज्या विमानाचें मोठें नांव झालें नाहीं त्याचे सांचे पाडण्याचा खर्च कारखानदार कशाला करील? अशा विमानाचा भक्त मग राळेकडे वळतो, कारण राळेला कारखाना लागत नाहीं; एक लांकडी नमुना, एक सांचा आणि उघडी ओसरी एवढ्यावर काम भागतें.

या विमानाचा इतिहास थोडक्यांत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेलें फोके-वुल्फ १९० हें विमान ज्याच्या कल्पनेंतून उतरलें तो जर्मन शिल्पज्ञ कुर्ट टांक १९५६ सालीं आपल्या कांहीं सहकाऱ्यांसह बंगलोरला आला. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत ध्वनीच्या दुप्पट वेगाचें लढाऊ विमान तयार करावयाचें, असा संकल्प होता. त्या वेळीं असें विमान आपल्याकडे कोणी आंखलें नव्हतें. ध्वनीपलीकडील वेगाचा झोत सोडून नमुने तपासणारें मोठें वातविवर बंगलोरला सुरू झालें तें १९६७ सालीं, आणि मारुत हवाई दलाच्या १० क्रमांकाच्या तुकडींत दाखल झालें तेंहि १९६७ सालींच! म्हणजे परीक्षेचें साधन आणि परीक्षार्थी एकदमच आले.

मग आकाराची परीक्षा पूर्वीं केली कशी? मला स्वतःला या सर्व कथेंत हाच भाग सर्वांत आवडतो. टांकच्या मंडळींनीं पुऱ्या मापाचें एक लांकडी विमान केलें. त्याला एंजिन नव्हतें. एक्स-२४१ असें त्याचें नांव. १९५९ सालीं डाकोटा विमानाच्या मागें दोराला बांधून तें वर नेलें, तेथें सोडलें, आणि आंतील वैमानिकानें तें घारीसारखें तरंगत खालीं आणलें. एकदां नव्हे, पुनःपुन्हां. खऱ्या मारुतच्या आधीं त्याची प्रतिकृतिच आभाळांत फिरून आली होती. जे लोक मॉडेल करण्याला पोरखेळ म्हणतात त्यांना मी हें लांकडी विमान सांगतों. पुढें १७ जून १९६१ रोजीं विंग कमांडर सुरंजन दास यांनीं खरें मारुत प्रथम उडविलें.

नकाशे छापील मिळतात, पण त्यांवर सर्वस्वी विसंबण्याची माझी तयारी नव्हती. मुंबईस वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रांत मांडलेलें मारुत पाहण्यासाठीं मी उमरीहून नांदेड आणि नांदेडाहून रात्रीच्या गाडीनें मुंबई, असा दोन वेळां गेलों. तेथील मंडळींनीं सौजन्यानें जवळ जाऊं दिलें. ओळंबा, सुतळी आणि गवंड्याची फीत यांनीं जेवढें हाताला आलें तेवढें मापलें. विमानाच्या अंगाला हात लावल्याशिवाय त्याचा आकार कळत नाहीं, असें माझें मत त्या दिवशीं पक्कें झालें. कागदावर जी रेघ सरळ दिसते ती हातास किंचित् फुगीर लागते. नाक जेथें निमुळतें होतें तेथें तें एकदम निमुळतें होत नाहीं, तर जणूं विचार करीत करीत होतें.

लांकडी नमुन्यासाठीं मला उमरीच्या वखारींत सागवान, बाभूळ, आंबा हीं सर्व मिळत होतीं. पण मी गेलों तो निर्मळास. हें गांव आतां तेलंगणांत आहे. १९५६ पर्यंत नांदेड आणि निर्मळ एकाच हैदराबाद राज्यांत होतीं, आणि आमच्या लहानपणीं घरांत जीं लांकडी फळें व पांखरें होतीं तीं निर्मळचींच. तेथील कारागीर पोनिकी नांवाच्या झाडाचें अतिशय हलकें आणि मऊ लांकूड वापरतात, आणि तुकडे जोडावयास व फटी बुजवावयास चिंचोक्याच्या खळींत भुसा कालवून लुकण करतात. बाजारांत उत्तमोत्तम लुकणें मिळत असतां हें जुनें कशाला, असें एका तरुण मित्रानें विचारलें. त्याला उत्तर असें कीं चिंचोक्याचें लुकण वाळल्यावर लांकडाइतकेंच मऊ राहतें; पॉलिशकागद दोहोंवर सारखा चालतो. बाजारी लुकण लांकडाहून कठीण होतें, आणि मग घांसतांना लांकूड झिजतें व लुकणाचा उंचवटा वर राहतो. शें-दोनशें वर्षें खेळणीं करणाऱ्या लोकांनीं हा विचार आधींच करून ठेवला आहे.

नमुना कोरतांना दर पांच सेंटिमीटरांवर एक असे पुठ्ठ्याचे वीस फर्मे मीं कापले होते. फर्मा म्हणजे त्या ठिकाणीं विमान आडवें चिरलें तर जो छेद दिसेल त्याचा आकार. काम संपल्यावर त्या पुठ्ठ्यांचा एक उपयोग मला सुचला, आणि तो प्रत्येक शाळेंत करून पाहण्यासारखा आहे. सर्व फर्मे एकाच जाडीच्या पुठ्ठ्याचे असल्यामुळें त्यांचें वजन हें त्यांच्या क्षेत्रफळाचें माप झालें. आमच्या पेठेंतील एका सोनाराच्या कांट्यावर मीं ते एकामागून एक तोलले. नाकापासून मागें येतां येतां वजन वाढत गेलें. परंतु जेथें पंख सुरू होतात तेथें अंगाच्या फर्म्याचें वजन चक्क घटलें. सोनार म्हणाला, "मास्तर, इथं तुमचं इमान वाळलं." मग मीं त्याच ठिकाणच्या पंखांच्या छेदाचे पुठ्ठे त्या पारड्यांत टाकले, तेव्हां वजन पुन्हां शेजारच्या फर्म्यांच्या ओळींत येऊन बसलें.

विमानाची ही कंबर हौसेखातर बारीक केलेली नाहीं. ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोंचलें कीं हवा विमानाचे पंख निराळे आणि धड निराळें असें पाहत नाहीं. एका छेदांत एकूण किती अडथळा आला एवढेंच पाहते. तो अडथळा एकाएकीं वाढला तर हवेचा धक्का बसतो व रोध भरमसाट वाढतो. म्हणून पंख जेथें जागा घेतात तेथें धडानें जागा सोडावयाची. रिचर्ड व्हिटकॉम्ब या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५२ च्या सुमारास हा नियम शोधला. पुस्तकांत वाचून तो मला समजला होता असें मी समजत होतों. बोटांना व कांट्याला समजला तो यंदा.

राळेचें काम मात्र ऋतुमानाप्रमाणें करावें लागतें, आणि याविषयीं परदेशी पुस्तकांचा आमच्याकडे फारसा उपयोग नाहीं. त्यांत लिहिलेलें असतें कीं मिश्रण अर्धा तास पातळ राहतें. तो अर्धा तास त्यांच्या थंड हवेचा. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं हा अवधि साधारण निम्मा होतो. मग वैशाखांत, जेव्हां नांदेडचा पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हां पातेल्यांतली राळ ब्रश भिजवीपर्यंत जेली होते. शिवाय ती स्वतःच्याच उष्णतेनें तापते. उभ्या पेल्यांत ठेवली तर धुरावते, पसरट ताटांत ओतली तर शांत राहते. मी पहांटे चारला उठून काम करतों, सात वाजतां आवरतों. पावसाळ्यांत आणखी निराळा प्रकार. चाकें, वैमानिकाची खुर्ची वगैरे बारीक भाग ज्या पॉलियुरेथेन राळेंत ओततात तिला दमटपणा सोसत नाहीं. हवेंतील पाणी ओढून ती पावासारखी फुगते. तेव्हां तें काम दिवाळीनंतरचें.

सांचा पाडण्याची रीत आपल्याकडील मूर्तिकारांना नवी नाहीं. नमुन्याला मेणाचे हात द्यावयाचे, त्याच्या मध्यरेषेवर शाडूची पाळ उभी करावयाची, एका बाजूवर राळ व कांचेचें कापड चढवून अर्धा सांचा घ्यावयाचा. मग शाडू काढून दुसरा अर्धा. माझा पहिला सांचा स्वस्त पॉलिएस्टर राळेचा केला, कवच मात्र इपॉक्सीचें. पॉलिएस्टर घट्ट होतांना बरीच आंखडते आणि जेथें जाड आहे तेथें पृष्ठभागावर खळगी पडते. इपॉक्सी फारच कमी आंखडते. किंमतींत जो फरक आहे तो येथें भरून येतो.

ज्या घरांत हें काम करण्याचें कोणाच्या मनांत येईल तेथील गृहिणींसाठीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. पॉलिएस्टर राळेची वाफ डोक्यांत जाते आणि बंद खोलींत ती निश्चित अपायकारक आहे. ती घट्ट करणारीं दोन द्रव्यें, एक जांभळें कोबाल्टचें व दुसरें पाण्यासारखें पेरॉक्साइड, हीं एकमेकांत सरळ कधींहि मिसळूं नयेत, भडका उडतो. एक आधीं राळेंत पुरतें ढवळून घ्यावें, मगच दुसरें घालावें. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यांत गेला तर डोळा जाऊं शकतो. कांचेची घांसपूड फुप्फुसांत जातां कामा नये, म्हणून तोंडावर चांगला मुखवटा हवा, हातमोजे हवेत, आणि घांसावयाचें तें पाणी लावून घांसावें. आमच्या घरीं मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंत हें कांहीं आणण्याची बंदी आहे आणि ती रास्त आहे.

गेल्या हिवाळ्यांत दोन्ही अर्धीं जुळून विमान प्रथम एकसंध झालें, तेव्हां शाळेंतील मुलें पाहावयास आलीं. पुष्कळ वेळ तीं त्यावरून हात फिरवीत होतीं. मग एका सातवींतल्या मुलानें मागच्या भोंकांतून आंत डोळा लावला आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात इंजन कुठं हाय?"

एंजिन नव्हतें. आंत कांहींच नव्हतें. आणि त्या मुलाला तें सांगतां सांगतां माझ्या ध्यानांत आलें कीं हा प्रश्न माझ्या प्रतिकृतीपेक्षां मूळ विमानालाच अधिक लागू पडतो.

टांकनें आकार आंखला तो ब्रिटिश ऑर्फियस एंजिनाच्या एका जोरदार, बारा क्रमांकाच्या नमुन्यावर भरंवसा ठेवून. त्या एंजिनाच्या वाढीचा खर्च उचलण्यास ना तिकडे कोणी पुढें आलें, ना आपण. मग ऑर्फियस ७०३ या, प्रत्येकीं २,२०० किलो रेट्याच्या साध्या एंजिनांच्या जोडीवर मारुतला संसार करावा लागला. ध्वनीच्या दुपटीसाठीं घडविलेलें अंग ध्वनीच्या वेगाशींच कसेंबसें पोंचलें. १९६७ सालीं इजिप्तमध्यें एका मारुतवर तिकडचें एंजिन बसवून उड्डाणें झालीं. तोहि मार्ग पुढें बंद पडला. आपल्याकडे त्याच ऑर्फियसला ज्वालावर्धक जोडून पाहण्याचे प्रयत्न चालले असतां १० जानेवारी १९७० रोजीं सुरंजन दास अशाच एका विमानासह कोसळून मृत्यु पावले. ज्या हातानें मारुत पहिल्यानें उडालें तो हात त्याच्याच एंजिनाच्या शोधांत गेला.

तरीहि १९७१ च्या डिसेंबरांत हीं विमानें राजस्थानच्या आघाडीवर रोज उडत होतीं. हवाई झुंजींत त्यांतील एकहि पडलें नाहीं; जमिनीवरून झालेल्या माऱ्यानें एक एंजिन बंद पडलें असतां दुसऱ्यावर परत आल्याचीं उदाहरणें आहेत; आणि ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर बक्षी यांनीं मारुतमधून एक सेबर पाडलें. एकंदर १४७ मारुत बांधलीं गेलीं आणि १९९० च्या सुमारास तीं सेवेंतून गेलीं. तोंपर्यंत आपल्या नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यानें रशियन परवान्यावर शेंकडों मिग-२१ बांधलीं होतीं. मिगचाहि निरोपसमारंभ २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगडला झाला, आणि त्याच सालच्या १७ ऑक्टोबरला ओझरहून नव्या तेजस विमानानें पहिलें उड्डाण केलें. तेजसचा आकार आपल्या लोकांनीं आंखला आहे. त्यांतील एंजिन अमेरिकेहून आलें आहे.

कित्येकांना ही सर्व हकीकत ऐकून राग येतो आणि ते कोणातरी एका मंत्र्याचें किंवा एका अधिकाऱ्याचें नांव शोधूं लागतात. मला तसें वाटत नाहीं. तीन वर्षें राळेशीं झगडल्यावर मला एवढें दिसतें कीं बाहेरील आकार एका बुद्धिमान् माणसाला आणि थोड्या चांगल्या कारागिरांना साधतो. एंजिनाला तसें चालत नाहीं. त्याचीं पातीं लाल होईपर्यंत तापून मिनिटाला हजारों फेरे घेतात, आणि तीं टिकावयाचीं तर त्यांमागें धातु गाळणाऱ्यांच्या दोनतीन पिढ्या उभ्या असाव्या लागतात. तीं पातीं ओसरीवर होणार नाहींत, आणि घाईनेंहि होणार नाहींत.

तरी त्या मुलाचा प्रश्न मला सोडवेना. ऑर्फियस ७०३ ची जाडी सुमारें ८२ सेंटिमीटर आणि लांबी १९२ सेंटिमीटर. माझ्या प्रमाणांत पांच सेंटिमीटर जाड व बारा सेंटिमीटर लांब. हीं दोन एंजिनें मी सध्यां पोनिकीच्या उरलेल्या लांकडांतून कोरतों आहें. शेपटाकडील कवचाची एक बाजू झडपेसारखी उघडेल अशी कापून काढली आहे; तो काप घालतांना हात थरथरला, हें सांगावयास हरकत नाहीं. हवा आंत घेणारीं दोन तोंडें, त्यांपासून मागें जाणारीं दोन विवरें, मध्यें एंजिनें आणि शेवटीं धुराड्यासारख्या नळ्या, हें सर्व मुलांना बोट घालून पाहतां यावें अशी मांडणी आहे. एंजिनें मागें आलीं तर विमान शेपटावर बसूं लागेल, म्हणून नाकांत सायकलच्या दुकानांतील लोखंडी छर्रे भरून ठेवले आहेत. सध्यां सव्वापाव किलो झाले, आणखी थोडे लागतील.

रंग दिलेला नाहीं. सर्व अंगावर राखाडी अस्तर आहे, आणि तें कांहीं दिवस तसेंच राहूं द्यावें असें वाटतें, कारण रंग दिला कीं कंबर दिसेनाशी होते. चाकांचे रबरी सांचे तयार आहेत. तीं कार्तिकांत, हवा कोरडी झाली म्हणजे, ओतीन. तोंपर्यंत विमान ओसरीवर दोन विटांच्या आधारानें उभें आहे, आणि येणारा प्रत्येक मुलगा आधीं मागच्या भोंकालाच डोळा लावतो.